शौनकच्या गाडीचा ऑइल पंप

कांदिवली,
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, गॅरेज चालू आहे, आईने तुझ्यासाठी कोकमाचं आगळ भरून ठेवलंय. तू शारजात रोज असलीच इंजिनं खोलतोस म्हणून विचारते. टर्बो लावलेल्या इंजिनाला मोठा ऑइल पंप घालण्यात काही अर्थ असतो का रे? इतक्या जणांना विचारलं की डोक्याचा पार भुगा झालाय.

गाडी बोरिवलीच्या शौनकची. टर्बो त्याने दुसरीकडे बसवून घेतला आणि आपल्याकडे नुसती तपासायला आणली. मोठा पंप त्यालाच हवा होता. बाबा म्हणाले, "पंप बदलूक नको. आसा तो पुरे." मग नेहमीसारखे बॉनेटवर वाकले, डोळे मिटून इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "गोड वाजता. घेवन जा."

आठवडा झाला नाही तोच गाडी विक्रोळीला हायवेवर बंद पडली. खोलली तर बेअरिंग खलास. शौनक म्हणतो, मोठा पंप असता तर वाचलं असतं. पार्टवाला लवूही तेच म्हणतो, पण त्याला पंप विकायचाय. इंटरनेटवर निम्मे म्हणतात घाला, निम्मे म्हणतात जादा तेल फिरून परत खालीच जातं, उगाच इंजिनावर भार. जुना पंप मी स्वतः उघडून पाहिला. त्याला काहीही झालेलं नाही.

मग बेअरिंग गेलं कशाने, असं तू विचारणार. हे वाक्य मी दोनदा खोडलंय. ते आधीपासूनच वाजत होतं, दादा. बाबा बॉनेटवर वाकले होते तेव्हा मी मागे पाने पुसत उभी होते, आणि मला तिथून ठकठक ऐकू येत होती. त्यांना नाही आली. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, म्हणून गप्प बसले.

आता शौनक म्हणतो, बेअरिंग बदला, मोठा पंप घाला, विषय संपला. घातला तर दोष पंपाचा ठरेल आणि बाबांची इज्जत राहील. पण उद्या कुणाचे ब्रेक वाजत असले आणि ते 'गोड वाजता' म्हणाले तर? काल त्यांनी मला विचारलं, "खरा सांग, पंपाचोच दोष मां?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं, पण बाबांना, दशरथ मिस्त्रींना, हे सांगायचं कुणी?

आणि आणखी एक. तुझा फोन आला की ते "गिराईक इला" म्हणतात आणि फोन माझ्या हातात देतात. तू गेलास म्हणून अजून रागावलेत असं तुला वाटतं. मलाही वाटायचं. परवा आई म्हणाली, फोन ठेवला की ते तिला तुझ्याबद्दल हळूच विचारतात, "झील काय म्हणालो?" ते रागावलेले नाहीत रे. त्यांना तू ऐकू येत नाहीस.

तेव्हा पंपाचं उत्तर मला नको. जे खरं असेल ते सगळं त्यांनाच लिही. माझ्याने होत नाही.

तुझ्या पत्राची त्यांच्या वतीने वाट बघणारी,
जान्हवी