पुराव्याचा डबा

४ मार्च, मंगळवार

हुक! पँटचा हुक!

दुपारी दुकान बंद ठेवलं आणि मागच्या अंगणात लिंबाखाली खड्डा खणला. बाबांच्या अस्थी सोळा वर्षांपूर्वी तिथेच पुरल्या आहेत. आईने मला दहादा बजावलं होतं, "मला त्यांच्या शेजारीच ठेव, भलतीकडे नको." दाहगृहातून काल आणलेला डबा उघडला. वरच, राखेत, चपटा लोखंडी हुक. पुरुषांच्या पँटला कमरेशी लावतात तो. लग्नसराईत दिवसाला वीस-वीस लावते मी. डोळे बांधून ओळखेन.

शनिवारी दहनाच्या वेळी आईच्या अंगावर माझ्या हातचा गाऊन होता. पुढे दोन बंद, बस्स. हुक नाही, बटण नाही, चेन नाही. तिची बोटं वाकडी झाल्यापासून सहा वर्षांत तिच्या एकाही कपड्याला मी लोखंड लावलेलं नाही!

मग हा डबा कुणाचा? आणि माझी आई कुठे आहे?

खड्डा तसाच आहे. वर फळी टाकून आत आले.

५ मार्च, बुधवार

दाहगृहाच्या कचेरीत अडीच तास. या खिडकीतून त्या खिडकीत. शेवटी साहेब भेटले. टेबलावर काच, काचेखाली त्यांच्या मुलांचे फोटो.

"बाई, लोखंड काय, कुठूनही येतं. आधीच्याचं भट्टीत राहिलं असेल."

"म्हणजे आधीच्याचं राहतं?"

तेव्हा गडबडले. "तसं नाही म्हणालो मी."

मग एक फॉर्म पुढे सरकवला. हरवलेल्या वस्तूंचा. छत्री-पाकिटांसाठी छापलेला. वस्तूचं वर्णन, रंग, अंदाजे किंमत. मी पहिल्या रकान्यात लिहिलं — आई. साहेब म्हणाले, "फॉर्म खराब केलात तुम्ही." आणि दुसरा दिला! मी तो फाडला नाही, हे माझे उपकार.

७ मार्च, शुक्रवार

दादाचा फोन. त्याला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, राख ती राख. आई काय डब्यात आहे का? ती आपल्या मनात आहे."

त्याच्या मनात जागा असेल. दोन वर्षांत दोनदा आला होता तिला भेटायला, तेही विमान बदलायला मध्ये वेळ होता म्हणून. हे सगळं मी त्याला बोलून दाखवलं. फोन ठेवल्यावर वाटलं, जरा जास्तच बोलले. थोड्या वेळाने वाटलं, कमीच बोलले.

१२ मार्च, बुधवार

माझ्याकडे काळे कोट अल्टर करायला येतात त्या वकीलबाईंकडे गेले. या वेळी मी त्यांच्या दारात! त्यांनी नीट ऐकून घेतलं. हुक कागदावर ठेवून फोटो काढले, बाजूला मोजपट्टी ठेवून.

म्हणाल्या, "ताई, गंमत अशी आहे की कायद्यात मृतदेह कुणाच्याच मालकीचा नसतो. म्हणून चोरी म्हणता येत नाही आणि वस्तू हरवली असंही म्हणता येत नाही."

"मग माझ्या हातात काय उरलं?"

"हक्क उरला. जवळच्या माणसाचे अवशेष ताब्यात मिळायलाच हवेत. ते सन्मानाने हाताळले गेले पाहिजेत, मग हाताळणारा कुणीही असो. आणि नेमकं काय घडलं ते तुम्हाला लपवाछपवी न करता कळलं पाहिजे. नोटीस याच मुद्द्यांवर देऊ."

किती दिवसांनी कुणीतरी सरळ बोललं! मला तिथेच रडू आलं. त्यांनी पाणी दिलं आणि निघताना बजावलं, "तो डबा हातचा सोडू नका. तुमच्याकडे तेवढाच पुरावा आहे."

घरी येऊन डब्याला कापडाची पट्टी चिकटवली, तिच्यावर खडूने 'पुरावा' लिहिलं. दुकानातल्या चिंध्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर, चेनच्या खोक्यांमागे ठेवला. कुलूप लावलं.

१८ मार्च, मंगळवार

नोटीस पोचली. उत्तर नाही.

२० मार्च, गुरुवार

आज दुकान उघडताच एक माणूस आला. फाटका खिसा शिवायचा होता. शर्टावर दाहगृहाचं चिन्ह. भट्टीवर असतो. खिसा हे निमित्त, पोटात वेगळंच होतं. मान खाली घालून बोलत होता, मी मशीन चालवत राहिले.

"ताई, प्रत्येक डब्याला नंबराचा बिल्ला असतो. पूर्वी दोऱ्याने बांधायचो. वर्ष झालं, वरून दोरा येत नाही. मागणी दिलीय, पण येत नाही. मग बिल्ला झाकणावर नुसता ठेवतो."

"मग?"

"त्या दिवशी फळीवर दोन डबे होते. तुमच्या आईंचा आणि एका आजोबांचा. सफाईवाल्या मावशी फार स्वच्छ. त्यांनी बिल्ले उचलले, डबे पुसले, फळी पुसली, बिल्लेही घासले आणि परत ठेवले."

एवढंच. चकाचक पुसून माझ्या आईची अदलाबदल झाली! आजोबांचा डबा म्हणून तिला त्यांची बायको घेऊन गेली. कुठे, ते त्याला माहीत नाही. "माझं नाव कुठे घेऊ नका, घरी खाणारी तोंडं आहेत," म्हणाला.

दोरा! वीतभर दोरा! माझ्या दुकानात दिवसभर पायाखाली येतो, संध्याकाळी झाडून टाकते मी. जाताना त्याच्या हातात अख्खं रीळ कोंबलं. तो घेईना. मी ओरडले तेव्हा घेतलं. बिचाऱ्याचा काय दोष, पण ओरडायला समोर तोच होता.

२९ मार्च, शनिवार

साहेबांनी बोलावलं. आज खुर्ची, चहा, "बसा ना बसा." नोटिशीने माणूस किती गोड होतो!

"चूक झालेली असू शकते. तुम्ही तुमच्याकडचा डबा आणून द्या, आम्ही समोरच्या पार्टीकडचा मागवतो. अदलाबदल करू, विषय संपला. फक्त इथे सही करा."

कागद वाचला. मी खराब शिवण उसवताना बघते तसा, टाका टाका. 'माझी कोणाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व पुढे असणार नाही.'

म्हटलं, "आधी तुमची चूक झाली, कशी झाली, ते लिहून द्या."

"तसं लेखी देता येत नाही."

"मग मलाही डबा देता येत नाही."

"अहो, समोरच्या बाईंना मी काय सांगू?"

"सांगा, साहेब लिहून देत नाहीत म्हणून. नाहीतर मला त्यांचा पत्ता द्या, मीच सांगते."

"पत्ता खासगी माहिती आहे." माझी आई कुणाच्याही हाती देता येते, पत्ता मात्र खासगी!

चहा तसाच टाकून उठले. वकीलबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "शाबास. लेखी मिळेपर्यंत दमाने घ्या. आपली बाजू भक्कम आहे." मला बरं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा भूक लागली.

३ एप्रिल, गुरुवार

दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. बावीस वर्षांत असं कधी झालं नाही. गिऱ्हाईक हसलं, मी हसले नाही.

दुपारी खड्ड्यावरची फळी उचलली. आत पानं साचली होती, हाताने काढली. आई, किती वाट बघायला लावतात ग तुला.

९ एप्रिल, बुधवार

दादाचा फोन. आवाज मऊ होता. म्हणाला, "मी तेव्हा चुकीचं बोललो. मला यायला हवं होतं." इतके दिवस तोंडात तयार ठेवलेलं सगळं विरून गेलं.

पण नंतर म्हणाला, "अगं, त्या दुसऱ्या बाईंचा डबा तरी देऊन टाक. त्यांनी काय केलंय?"

झालं! डोक्यात तिडीक गेली. "तू कुणाच्या बाजूने आहेस? डबा दिला तर ते साहेब उद्या मला ओळखही दाखवणार नाहीत! मला काय हौस आहे परक्याचा डबा सांभाळायची?" फोन आपटला. सगळ्यांना मीच अडवणूक करते असं वाटतं. सहन करणारी मी, धावपळ माझी, आणि समजूतही मीच दाखवायची!

१४ एप्रिल, सोमवार

वकीलबाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात कोर्टात अर्ज टाकू. आता हटायचं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी रजिस्टरने पाकीट आलं. वाटलं, साहेब वाकले! फोडलं. नोटीस. पाठवणारं दाहगृह नव्हे. त्या आजोबांच्या बायकोचे वकील. आणि ती मला, माझ्याच नावाने.

'आमच्या अशिलांच्या पतीचे अवशेष आपल्याकडे आहेत हे आपणांस ठाऊक आहे. तरीही ते देण्यास आपण नकार दिल्याचे कार्यालयाने कळवले आहे. ते ताब्यात मिळण्याचा आणि सन्मानाने हाताळले जाण्याचा आमच्या अशिलांना हक्क आहे.' शब्दसुद्धा तेच. दोनदा वाचलं, टाका टाका. एकही ओळ खोटी नाही.

खाली पेनाने, थरथरत्या अक्षरात, त्या बाईंनी स्वतः लिहिलंय — 'तुमच्या आई माझ्याकडे सुखरूप आहेत. खिडकीशी ठेवल्या आहेत, तिथे ऊन येतं. केव्हाही घेऊन जा, माझी काही अट नाही. हे रोज सकाळी सहाला उठायचे, त्यांना अंधाऱ्या खोलीत करमत नाही. एवढंच सांगायचं होतं.' आणि पत्ता.

कपाट उघडलं. खोकी बाजूला केली. पट्टी ओल्या फडक्याने काढली, जपून. नोटिशीतलं आजोबांचं नाव मी आज पहिल्यांदा वाचलं.

रिक्षा बोलावली आहे. डबा मांडीवर आहे.