नऊपर्यंत म्हणजे नक्की केव्हा?

वेंगुर्ले, मंगळवार

ती. ताई,

पाया पडते (गुडघा अजून दुखत असेल तर उठू नकोस, बसल्या जागी आशीर्वाद दे). भावोजींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल. मी तर इतकी खुशीत आहे की अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घे.

अगं, आमच्या नव्या खोलीत पहिले पाहुणे आले, तेही थेट स्कॉटलंडचे! मार्था आणि तिचा नवरा. त्यांना आमच्या होडीतून फिरवायचं ठरलं. आमचा नवरोबा नितेश होडी घेऊन नऊपर्यंत जेटीवर पोचणार होता. तेवढंच इंग्रजीत कळवायचं, तर माझी अख्खी संध्याकाळ गेली. आपला 'वर' बिचारा शब्दाच्या मागून येतो, त्यांचा 'ऑन' पुढे धावतो. शिवाय आपलं जेटीवर, वेळेवर, चुलीवर सगळं एका 'वर'मध्ये भागतं. त्यांच्यात प्रत्येकाचा मानकरी वेगळा. शेवटी जागा आधी, वेळ नंतर असं लावून, 'ऑन' खोडून 'ॲट' घालून ऐटीत पाठवलं : बोट विल बी ॲट द जेटी अंटिल नाइन. (पर्यंत म्हणजे अंटिल, त्यात काय विचार करायचा!)

सकाळी नऊला नितेशचा फोन. "पावणे खंय आसत गो?" खोली उघडून बघते तर रिकामी! तशीच जेटीकडे धावले. पहिलेच पाहुणे आणि तेच हरवले. आम्ही दोघं जेटीवर उन्हात उभे. दुपारी शेजारच्या भाईंची मच्छीमार बोट आली, आणि जाळ्यांवर बसून दोघंही हात हलवतायत! मार्थाच्या केसांत खवले, नवऱ्याच्या कुशीत सुरमई, तान्ह्या बाळासारखी.

भाई म्हणाले, "सातांक इले नि 'बोट, बोट' करीत चढलेच! माका वाटला तुमीच धाडलात."

मग मार्थाने समजावलं : अंटिल नाइन म्हणजे बोट नऊपर्यंत थांबणार, मग सुटणार. म्हणून ती दोघं लवकर आली आणि दिसली त्या बोटीत चढली. नऊच्या आत पोचणार असेल तर म्हणायचं 'बाय नाइन'. (मी बाय म्हणजे फक्त टाटा समजत होते.) मला वाटलं आता ओरडेल. तिने तर खवल्यांसकट मला मिठी मारली! म्हणाली, असा दिवस जन्मात गेला नव्हता. उद्या पुन्हा मासेमारीला जाणार आहेत, भाईंबरोबरच.

तुझी,
सुगंधा

ता. क. मार्थाला माझ्या तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कढीचा व्हिडिओ हवाय, रविवारी, मी इंग्रजीत बोलताना. मी हो म्हणून बसले. आपण दोघी दिसायला सारख्या, आणि तू तळेऱ्याला मुलांना इंग्रजी शिकवतेस. माझी हिरवी साडी नेसून चुलीपाशी उभी राहा. मी मागच्या काजूच्या बागेत लपते.

आणखी एक : व्हिडिओ नितेशच काढणार आहे, पण त्याला काही सांगितलेलं नाही. बघू या, त्याला कळतं का!