आर्विडच्या पेटीआधी

४ ऑक्टोबर
सासरेबुवांचं, आर्विडचं, हृदय थकलंय. डॉक्टर माझ्या बायकोला, मार्लिसला, म्हणाले, नाताळ दिसला तर नशीब. ती गाडीत रडली. आर्विड मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, वर्लिन, माझी शवपेटी तू कर. दुकानातली ती गादीवाली, पितळी कड्यांची नको. माझ्या पाइनची कर. झाडं त्यांनीच लावलेली, वादळात पडली, फळ्या पाडून कोठारात वाळवल्यात. मी म्हणालो, आठवड्यात देतो. एकदा शब्द दिला म्हणजे दिला.

७ ऑक्टोबर
फळ्या गराजात आल्या. शेजारच्या गॉर्डीने हात लावला आणि लगेच अक्कल पाजळली. तळ, झाकण, चार बाजू, शनिवारी ठोकून मोकळा हो म्हणे. अरे, सफरचंदाचं खोकं आहे का ते? माणूस कायमचा झोपणार त्यात!
टेबलातून पातं वर येणाऱ्या करवतीवर, टेबल सॉवर, अचूक काटकोन हवा तर आधी स्लेड हवा, म्हणजे फळी धरून पात्याकडे नेणारा सरकता पाट. विकतचे सगळे भिकार. घरीच करणार. त्यासाठी आर्विडची एकच फळी घेतली, तीही गाठाळ.

११ ऑक्टोबर
स्लेड तयार. काटकोन केसभर चुकला. केसभर म्हणजे केसभरच, पण मला दिसतो ना! मोडला. दुसरा केला. आणखी दोन फळ्या.

१९ ऑक्टोबर
आर्विडना जिना चढवत नाही आता, म्हणून आमच्याकडे खालच्या खोलीत झोपतात. मार्लिसने विचारलं, पेटी कुठवर आली? म्हणालो, पायाभरणी चालू आहे. तिने नुसतं पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात ती नजर मी ओळखतो. दुर्लक्ष केलं.
आज फळी दाबून धरायची जिग. उद्या बोटं वाचवायचा ठोकळा.

२६ ऑक्टोबर
नवी अडचण. लांब फळी पात्यापलीकडे गेली की टोक खाली झुकतं. मागे आधाराला टेबल हवंच. सात फुटी. चांगल्या सरळ फळ्या लागल्या त्याला, बऱ्याच. पण वाया कुठे गेल्या? पेटीच्याच कामाला लागल्या ना?

९ नोव्हेंबर
बर्फ पडलं. आर्विड म्हणाले, जमीन गोठून दगड व्हायच्या आत उरका बाबांनो, नाहीतर वसंतापर्यंत मला दफनभूमीच्या कोठडीत ठेवतील. मी काय गोठवलेलं हरीण आहे? आम्ही सगळे हसलो. हसून त्यांना धाप लागली ती थांबेना. नर्सला फोन करावा लागला. 
निश्चय: सोमवारपासून फक्त पेटी.

१४ नोव्हेंबर
पेटीची पहिली फळी कापायला घेतली. स्लेडखालच्या, टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या पट्ट्या मी पावसाळी हवेत बसवल्या होत्या. आता गराजात हीटर. लाकूड सुकलं, पट्ट्या आकसल्या, स्लेड खुळखुळला आणि पात्याने फळी माझ्याकडे भिरकावली. कानाजवळून गेली, मांसाच्या फ्रीजरला पोचा पाडला. पात्यावरचं कव्हर आधीच काढलेलं, कारण ते स्लेडच्या आड येतं. दहाही बोटं दोनदा मोजली. देवा रे!
दोष हवेचा. तिसरा स्लेड, पट्ट्या आता लोखंडी. मार्लिसला यातलं काही सांगायचं नाही.

२१ नोव्हेंबर
न सांगता मार्लिस आणि गॉर्डी आर्विडना चाकाच्या खुर्चीतून गराजात घेऊन आले. गुडघ्यांवर घोंगडी. त्यांनी स्लेडवरून हात फिरवला. झकास, म्हणाले. आणि हे? मी सांगितलं, फळी दाबायला. हे? बोटं वाचवायला. ते मागचं एवढं मोठं? टोक झुकू नये म्हणून. त्यांनी घोंगडी वर ओढली. मग म्हणाले, फार सुरेख रे सगळं. पण मी कशात झोपायचं?
मार्लिस बाहेर निघून गेली. गॉर्डी छताकडे बघत राहिला. मी म्हणालो, थँक्सगिव्हिंगचा सण झाला की लगेच.

२९ नोव्हेंबर
उरलेल्या फळ्या पाहिल्या. तळालासुद्धा पुरणार नाहीत. हिशोब जरा हुकला. दुकानातून पाइन आणली तर कुणाला कळणार? मला कळेल! म्हणून आणली नाही. माणसाला काही तत्त्वं असावीत. रात्री झोप नाही. त्यांच्या खोलीतून खोकला ऐकू येत होता, आणि थांबला की जास्त भीती वाटत होती.

२ डिसेंबर
आर्विड पहाटे गेले.
दुपारी मार्लिस ड्रिल घेऊन गराजात आली, मागे हातकरवत घेऊन गॉर्डी. तिने आधी मागचं टेबल उलटं केलं आणि स्क्रू काढायला लागली. मी म्हणालो, अगं, ते लेव्हल लावून बसवलंय! तिने ती सपाटी मोजायची लेव्हल माझ्या हातात दिली, म्हणाली, ही धर आणि बाहेर उभा राहा. उभा राहिलो. बाहेर उणे अकरा अंश होतं. टेबलाचा तळ झाला, उरलेल्या फळ्या आणि जिग मिळून झाकण. स्लेडचे तिन्ही अवतार बाजूंना गेले. अंधार पडायच्या आत पेटी उभी होती.
सगळीकडे स्क्रूंची भोकं. मी ती दाखवली. मार्लिस म्हणाली, राहू दे, बाबांना हवा लागेल. मग खाली बसून हमसून रडली. मी तिच्याजवळ बसलो. तिने ऊठ म्हटलं नाही.

५ डिसेंबर
चर्चमध्ये सहाजणांनी पेटी उचलायची होती. मी जावई, म्हणून डोक्याकडे पुढे. वाकलो, तर नेमकी माझ्या हाताखाली आलेली फळी स्लेडच्या मागच्या बाजूची, पातं जिथून बाहेर येतं तिथली. तिच्यावर लाल रंगात, माझ्याच अक्षरात: हात इथे ठेवू नये.
मी सवयीने हात मागे घेतला. मागे उभा असलेला गॉर्डी हळूच म्हणाला, सरक बाजूला, आणि माझ्या जागी त्याने उचलली.
मी मागून चालत गेलो.