वाढत जाणारं ऑइल

दि. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचल्याबरोबर पत्र टाकतो म्हणून निघालो आणि लिहायला आज बसलोय. खोटं कशाला बोलू, कागद रोज काढत होतो. एकावर समोरच्या बकरीचं चित्र काढलं, दुसऱ्याची पुडी करून खिळे बांधले. लिहायची लाज वाटत होती म्हणून टाळलं. लाज कसली ते खाली येईल, आधी खुशाली.

इथे फोन लागत नाही. दूधवाल्याची गाडी टपाल आणते आणि नेते. वर डोंगरावर शाळेचं वसतिगृह बांधतायत. त्याच्या खिडक्यांच्या चौकटी मी दाजींच्या गाडीतून खालच्या सुतारखान्यातून वर नेतो. खोली बरी आहे, पण दाराला आतून कडीच नाही, म्हणून झोपताना स्टेपनी टेकवून ठेवतो. मुकादम भला माणूस आहे, फक्त हसला की शिंकतो, आणि शिंकला की कामगार मुद्दाम त्याला आणखी हसवतात. परवा तर... असो, भरकटलो.

तर गाडी. ती घाटात गुदमरायला लागली. सपाटीवर ठणठणीत, चढ लागला की आचके देऊन बंद. टाकीतलं डिझेल इंजिनापर्यंत ओढून आणायला जो फीड पंप असतो ना, त्याच्यात दम उरला नव्हता. दाजींनी निघताना बजावलं होतं की इंजिनाला पाना लावायचा नाही, काही झालं तर कळवायचं. पण ताई, आजवर धरलेली प्रत्येक नोकरी मी अर्ध्यावर टाकली. आता गाडीही अर्ध्या घाटात अडकली हे कुठल्या तोंडाने कळवू? शिवाय हात शिवशिवत होते, ते तुला सांगायला नको. भंगारवाल्याकडून एक इलेक्ट्रिक पंप आणला, टाकीजवळ चासीला बसवला, वायर ओढून डॅशबोर्डाखाली बटण दिलं. पुढचा जुना पंप होता तसाच ठेवला. मागून नवा ढकलतो, पुढून जुना ओढतो. आता गाडी घाट असा चढते की मागच्या चौकटींना धाप लागावी!

आणि गंमत ऐक. हिला ऑइल लागतच नाही. रोज सकाळी पट्टी काढून बघतो, तर कमी व्हायचं सोडून ऑइल वाढतंय! मुकादम म्हणतो, हिला दूधवाल्याच्या डेअरीत लाव.

दाजींना यातलं काही सांगू नकोस. गॅरेजची ती एकुलती एक गाडी, बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायलाही तीच. तरी त्यांनी माझ्या हाती दिली, आणि मी त्यांचा शब्द मोडला. आल्यावर पंप गुपचूप काढून टाकीन.

तुझा लोभ आहेच. हे वाचून त्यात कपात करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
भिंगरी


दि. ९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यासोबत एक कानपिचकी.

आधी गाडीची चावी काढ. काढलीस? मग पुढे वाच.

तुझं पत्र मी घरात कुणाला दाखवलं नाही. पण ते वाढणारं ऑइल काही डोक्यातून जाईना. घरात दुधाशिवाय काही आपोआप वर येताना मी पाहिलेलं नाही. शेवटी चहा देताना यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की एखाद्या गाडीचं ऑइल वाढत असेल तर ते चांगलं का? यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, ते ऑइल वाढत नाही, त्यात डिझेल मिसळतंय. जुन्या फीड पंपात रबराचा पडदा असतो. तो फाटला की पंप नीट ओढू शकत नाही, गाडी चढावर मरते. अशा वेळी कुणी शहाण्याने मागे दुसरा पंप बसवला, तर तो फाटक्या पडद्यातून डिझेल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये ढकलतो. ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि एक दिवस इंजिन आतून खरवडून जाम होतं. नवा पंप लावायला हरकत नाही, पण जुन्याला आधी वाटेतून बाजूला करायचं, नळी थेट पुढे न्यायची.

मग त्यांनी विचारलं, गाडी कुणाची? मी म्हणाले, शेजारणीच्या भावाची. लग्न झाल्यापासून यांच्याशी मी खोटं बोलले नव्हते रे. तुझ्यापायी तेही झालं. त्यानंतर हे एकदम गप्प झाले. जेवताना मान वर केली नाही, आणि सध्या गॅरेजात आवाज चढवत नाहीत, इतके की पोरं घाबरून नीट काम करायला लागलीत. माझी थाप बहुतेक पकडली गेलीय. मलाच त्यांच्याकडे बघवत नाही.

तेव्हा गाडी मुळीच सुरू करू नकोस. ऑइल सगळं काढून टाक. आवाज तर येत नाही ना इंजिनाचा? लगेच कळव.

आणि हो, माझी नागमोडी धारेची कात्री तू निघाल्यापासून बोथट झालीय. कापड सोडून भलतंच काहीतरी कापलंस ना तिने? कबूल कर, मारणार नाही.

रागावले आहे, पण माया आटलेली नाही, हे ध्यानात ठेवून वाग.

तुझी,
ताई


दि. १३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा गाडी भरलेली होती आणि चावी खरंच लावलेली होती. आणखी एक घाट चढलो असतो तर काय झालं असतं, ते मनातही आणवत नाही. मुकादमाला सांगितलं की माझ्या चुकीने गाडी उभी आहे. तो हसला नाही, म्हणजे शिंकलाही नाही. कामगारांनी चौकटी खांद्यावर घालून वर नेल्या. त्या माझ्यासमोरून जात होत्या आणि मी चाकाकडे बघत बसलो होतो. कुणी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ऑइल काढलं. रॉकेलसारखं सुळकन आलं, नुसता डिझेलचा वास. इंजिन अजून मोकळं फिरतंय, हाताने फिरवून पाहिलं. वाचलं असावं. माझ्याच्याने खात्रीने सांगवत नाही.

मग जुना पंप उघडला. ताई, हे लिहू की नको यात सकाळ गेली, मधे बकरीचंही एक चित्र झालं. आतला पडदा कंपनीचा नव्हता. सायकलच्या ट्यूबमधून कापलेला रबराचा गोल तुकडा होता. डिझेल पिऊन पुरीसारखा फुगलेला, मधोमध फाटलेला. आणि त्याची कड नागमोडी होती.

तुझी कात्री मी बोथट केलेली नाही.

रविवार असेल, दुकानं बंद असतील, मला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. गिऱ्हाइकाच्या गाडीत दाजी असलं कधी करणार नाहीत. घरचीच गाडी, म्हणून केलं असेल, आणि म्हणूनच पाना लावू नको म्हणाले असतील. ते गप्प झाले ते तुझ्या थापेमुळे नाही गं. माझ्या चुकीची लाज मला सवयीची आहे, ती अंगाला बसते. त्यांच्या चुकीची लाज मात्र कुठे ठेवू कळत नाही. गाडी बिघडवलीच असेल तर मी बिघडवली. कळवलं असतं तर एवढं झालंच नसतं. त्यांना एवढंच सांग, की भिंगरीच्या पंपाने घोळ केला. बाकी तुझ्या-माझ्यात राहू दे.

तो तुकडा या कागदावर वजन म्हणून ठेवलाय. डाग पडलाय बघ कोपऱ्यात.

थांब. दूधवाल्याची गाडी आली, आणि तिच्यातून दाजी उतरलेत! तू धाडलंस? त्यांनीच ठरवलं? एका हातात ऑइलचा डबा, दुसऱ्यात नव्या पडद्याचा कंपनीचा खोका. मला हाक मारली नाही, खोलीकडे पाहिलंही नाही. थेट गाडीपाशी गेले आणि मान खाली घालून उभे राहिलेत, अगदी मी तुझ्यासमोर उभा राहतो तसे.

तो तुकडा पाकिटात घालतोय, दूधवाला निघायच्या आत. पाकीट जाड लागेल. एकटी असताना उघड आणि चुलीत टाक. लोभ ठेव, दोघांवरही. मी बाहेर जातो, ते फार वेळ तसे उभे राहायला नकोत.

तुझा,
भिंगरी