भाजीच्या मळ्यात भाताचा बांध

उत्रोली, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५८

आज आमच्या नव्या भाजीच्या मळ्यासाठी अख्खी आळी इर्जिकीला आली. मजुरी कुणी घेत नाही, काम करून द्यायचं आणि पोटभर जेवायचं. दुपारी जेवण घेऊन गेले, तर पाहते काय! सगळ्यांनी मिळून भाताचं खाचर करून ठेवलेलं! चहूकडून उंच बांध, त्यावर तुडवणाऱ्या पायांचे ठसे, आत मोटेचं पाणी तुंबलेलं. वांग्याची रोपं यात कुजणार. मी आधीच का नाही सांगितलं? माझं माहेर सासवडकडचं, माळव्यात, भाजीपाल्याच्या मळ्यांतच वाढले. वाटलं, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असेल.

पण मामंजींदेखत बोलू कशी? गप्प बसले तर रोपं जाणार, बोलले तर माणसं. आणि ते ठसे! किती मायेनं तुडवलं होतं.

शेवटी शेजारच्या सखाआबांना वाढताना म्हटलं, "आबा, वांग्याला पाण्यात उभं राहणं सोसत नाही."

आबांचा घास हातातच राहिला. आता उठून जातात, असं वाटलं. तर खो खो हसले. "आमी भातवाली मानसं, सूनबाई. पानी दिसलं की अडवायचं, येवढंच ठावं. कुठं फोडायचं, तू दाव."

मामंजींकडे पाहिलं. म्हणाले, "दाव की!"

पदर खोचला आणि पहिली कुदळ मीच घातली. सांजेपर्यंत पाणी निघून गेलं, सऱ्या पडल्या. उद्या रोपं लावायची.

सऱ्यांवरही सगळ्यांच्या पायांचे ठसे आहेत. त्यांत आता माझेही.