सावलीत वाळवलेला रेग्युलेटर

९ डिसें., मंगळ.
शंकरकाकांचा सेट पुन्हा माझ्याकडे. आमच्या बेला गावाच्या आसपास कोणी पाण्यात गेलं की काढायला काकाच. आधी नुसत्या दमावर बुडी मारत, आता कुठून तरी हा जुना सेट मिळालाय: हवेचा बाटला, तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर, पायातले फिन्स. धुणं-पाहणं माझं काम, काऊन तर मालवणात डायव्हिंगवाल्यांकडे सात महिने मी हेच केलं. (मग तिथूनही पळालो.)
रेग्युलेटर धुतला. उन्हात रबर जातं, सावलीतच वाळवायचा. घरात सावलीची एकच खोली मोकळी, म्हणजे मोकळी कसली, कापसानं भरलेली. ढिगावर ठेवला. वाळला की खोलून पाहणार होतो, तर दारावरून कापसाची गाडी भैंशाच्या जिनिंगला निघाली. ड्रायव्हर ओळखीचा. चढलो.

१२, शुक्र.
तीन दिवस भैंशात. जिनिंगमधला कापूस ओढणारा पाइप पाहत बसलो, वेळ कुठं गेला कळलं नाही. आई म्हणे, "घर आठवलं का रे तुले?"
काका ओट्यावर बसून होते, सेट न्यायला. रेग्युलेटर वरून पुसला, बाटला चालू करून दोन श्वास ओढले. ठीक. दिला.

१४, रवि.
पैनगंगेच्या डोहात बैल धुताना एक जण बुडाला. काका उतरले, मी काठावर दोरी धरून. थोड्याच वेळात हिसके आले. काका वर आले ते खोकत, तोंडाला फेस. पुन्हा उतरतो म्हणत होते, पण उभं राहता येईना.
त्या माणसाची बायको काठावरच बसून. मी तिच्याकडे पाह्यलं नाही.

१६, मंगळ.
बुडालेला माणूस आपसूक वर आला, खूप खाली, दुसऱ्या गावाजवळ. बायकोला त्याचं तोंड दाखवलं नाही म्हणतात.
काका आदिलाबादच्या दवाखान्यात. छातीत पाणी गेलंय. म्हणाले, "मशीनचा दोष नाई बापू. दमच सरला माया."
मी सफरचंद कापून राह्यलो होतो. कापतच राह्यलो.

१७, बुध.
आज रेग्युलेटर खोलला. सोडलेला श्वास ज्या रबरी पाकळीतून बाहेर जातो, तिच्याखाली कापूस. करंगळीच्या नखाएवढा. पाकळी मिटतच नव्हती. काका हवा ओढत होते आणि सोबत पाणी येत होतं.
बाटला बंद ठेवून ओढून पाहायचं, हवा आली तर कुठंतरी फट आहे. मालवणात पहिल्याच दिवशी शिकवलेलं. मिनिटाचं काम.

२१, रवि.
काका घरी आले. सांगायलाच गेलो. त्यांच्याकडे नवा कोंबडा आणलाय, एक डोळा नाही त्याला. त्याच्यावरच अर्धा तास बोललो.
निघताना काकू म्हणाली, आता हे विहिरीत वाकूनही पाहत नाहीत.

२४, बुध.
काकांनी बोलावलं. बुडी मारताना बांधायचा कमरेचा शिशाचा पट्टा माझ्या हातात दिला.
"आता तूच उतरत जाय. तुया हातची मशीन कदी बिघडली नाई."
काकू कुंकवाचा करंडा घेऊन आली. मी म्हटलं, "काका, ते त्या दिवशी..."
"त्या दिवशीचं सोड," म्हणाले. "माया छातीचं मी पाहीन."
टिळा लावून घेतला. घेतला.

२५, गुरु.
जेवण नाही. मालवणात मी पाच मीटरच्या खाली कधी गेलो नाही, हेही कोणाला सांगितलेलं नाही.

२६, शुक्र.
महसुलातल्या गिरदावर साहेबांचा फोन. नार्नूरकडच्या तलावात एक पोरगी, कालपासून. तिचा बाप काठावरून उठत नाही म्हणे.
पाकळी खोलून पाह्यली. बाटला बंद करून ओढलं, हवा येत नाही. पुन्हा ओढलं. पुन्हा.
जीप दारात. काका मागच्या सीटवर फिन्स मांडीवर घेऊन बसलेत. "दोरी मीच धरतो," म्हणाले.
पाकळीखालचा कापसाचा पुंजका शर्टच्या खिशात घेतलाय, काकांना दाखवायला. नार्नूरला दोन तास लागतात. तेवढ्यात...