नेस्टाचा तात्पुरता विमा

बाला गावातून,
बुधवार संध्याकाळ

प्रिय इद्रिस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. पण फोनवर तू "हवा बरी आहे, मीही बरा आहे" यापलीकडे जात नाहीस, आणि डेलिथला वाटतं की आता माझी बायको असताना तिने तुला, माजी नवऱ्याला, काही लिहिलं तर तू त्यात दया शोधशील. मग उरलो मी. शाळेत आपण एका बाकावर बसायचो, त्या हक्काने लिहितोय. राग आला तर चुलीत घाल, पण आधी वाच.

बातमी आपल्या नेस्टाची आहे. तुला ठाऊक आहे, त्या अपघातानंतर ती गाडीत पुढे बसायची नाही. शाळेत सोडायला गेलो तरी मागे, दाराला चिकटून. मी दुधाचा टँकर चालवणारा माणूस. डोंगरातल्या वळणांवर आयुष्य गेलं, पण त्या पोरीला पुढच्या सीटवर आणायचा रस्ता मला सापडेना. आणि जानेवारीत, सतरा पूर्ण झाल्यावर, एके सकाळी पाव भाजता भाजता ती म्हणाली, "एमलिन, मला गाडी शिकव." डेलिथच्या हातातला चहा सांडला.

शिकवायचं तर विमा हवा. माझ्या पॉलिसीत तिचं नाव घातलं असतं तर हप्ता आभाळाला भिडला असता, आणि तिने कुठे धडक दिली असती तर इतक्या वर्षांची माझी विनाअपघात सवलतही गेली असती. टँकरवरच्या एकाने सांगितलं, शिकाऊ पोरांसाठी थोड्या आठवड्यांचा वेगळा विमा मिळतो. गाडी दुसऱ्याची चालते, मालकाच्या पॉलिसीला धक्का लागत नाही. फोन लावला. पलीकडची बाई एकेक विचारत होती. गाडी कुणाची? माझी. चालवणारी तुमची कोण? इथे माझी जीभ अडखळली. बायकोची मुलगी म्हणू, सावत्र म्हणू? नेस्टाने फोन हिसकावला. "बाई, मला दोन बाप आहेत. गाडी एकाची, नाक दुसऱ्याचं. तुमच्याकडे जे काही बसत असेल ते टाका." बाई इतकी हसली की पुढचा प्रश्नच विसरली. मग तिने आधी कधी अपघात झालाय का विचारलं. नेस्टा मात्र स्पष्ट म्हणाली, "झालाय. पण तेव्हा मी चालवत नव्हते."

पहिल्या दिवशी लाल एलच्या पाट्या लावल्या आणि तळ्याकाठच्या रस्त्याला लागलो. गाडी बेडकासारखी उड्या मारत होती. ल्लानुव्ख्लिन गावाच्या अलीकडे एक मेंढी रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. नेस्टाने ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. मेंढी चघळत बघत राहिली, आणि ही पोर स्टीअरिंगच्या चाकावर डोकं टेकून रडायला लागली. मला वाटलं, घाबरली. म्हटलं, "राहू दे, मी घेतो." तर डोकं हलवून म्हणाली, "थांबली, एमलिन. मी थांबवली."

मग तिने सांगितलं ते तुला कळायला हवं. त्या दिवशी तुला फीट आली, तुझे हात चाकावरच आखडले, गाडी कुंपणात घुसेपर्यंत ती तुझ्या शेजारी बसून होती. "मी बाबाला घाबरले नव्हते," ती म्हणाली. "मला गाडी थांबवता येत नव्हती, त्याला घाबरले. बाबाला मात्र वाटतं मी त्यालाच घाबरते. मी बसने त्याच्याकडे बारमथला जाते तर दारातूनच म्हणतो, सर्दी झालीये, जवळ येऊ नकोस. दरवेळी कसली रे सर्दी?" इद्रिस, याचं उत्तर तुझ्याकडे आहे.

काल परीक्षा झाली. परीक्षक उतरून गेला, ती धावत आली, गळ्यात पडली. पास! पुन्हा चाकामागे बसायला निघाली तर मीच अडवलं. "उतर. तुझा विमा संपला." "आत्ता?" "शिकाऊ होतीस तोवर होता. आता तू शिकाऊ नाहीस." "म्हणजे नापास झाले असते तर चालवत घरी गेले असते, आणि पास झाले म्हणून पाहुणीसारखं बसायचं? हा काय न्याय!" रस्ताभर विमा कंपन्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला तिने. पण इद्रिस, माझ्या शेजारी बसून. पुढच्या सीटवर. पाय वर घेऊन, खिडकी उघडी टाकून, अगदी तू ज्यावरून रागवायचास तशी.

घरी आल्या आल्या तिने पुन्हा फोन लावला आणि माझ्याच गाडीवर एका दिवसाचा विमा काढला, फक्त रविवारचा. मी सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाली. डेलिथ कालपासून खिडक्या पुसतेय; काळजी वाटली की ती खिडक्या पुसते. रविवारी सकाळी तुझ्या दारात गाडी थांबेल आणि नेस्टा एकटीच उतरेल. तुला घेऊन समुद्राकाठाने फिरायचं, मासे-बटाटे खायचे, असं तिने ठरवलंय. तुला काही सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, ती मोडतोय. कारण अचानक आलेल्या माणसाला तू दारातूनच परत पाठवतोस. या वेळी सर्दी नको. कोट घालून बस, आणि तिने बेल वाजवली की नवल वाटल्याचं सोंग कर. तेवढं तुला जमेल. मग जा आणि तिच्या शेजारी बस. गाडी कशी थांबवायची, ते तिला आता येतं.

तुझाच, बाकावरचा,
एमलिन